जुन्या यंत्राचें वार्त्तिक

घरांतील जुनी वस्तु टाकून द्यावी, जशीच्या तशी कपाटांत जपावी, कीं तींत कांहीं भर घालून तिच्याकडून काम घ्यावें, हा प्रश्न बहुतेक संसारांत केव्हां ना केव्हां उभा राहतो. आमच्यापुढें तो एका संगणकाच्या रूपानें आला. आमचे थोरले बंधु नोकरीनिमित्त अमेरिकेंत राहिले. त्यांच्या निधनानंतर वहिनींनीं त्यांचें एक जुनें यंत्र आणि दहा-बारा कॅसेटी आमच्याकडे पाठविल्या. बंधु आपलीं टिपणें रोमन लिपींत, पण मराठी भाषेंत, या यंत्रावर लिहीत व कॅसेटींवर सांठवीत.

टीआरएस-८० मॉडेल १०० हें त्या यंत्राचें नांव. जपानांतील क्योसेरा कंपनीनें तें घडविलें आणि टँडी कंपनीनें १९८३ सालीं आपल्या रेडिओ शॅक दुकानांतून विकावयास काढलें. आकार जाड वहीएवढा, वजन सुमारें दीड किलो. पडद्यावर ४० अक्षरांच्या ८ ओळी मावतात. चार साध्या पेन्सिल-सेलांवर तें सुमारें वीस तास चालत असे. त्यामुळें वार्ताहरांचें तें मोठें आवडतें झालें.

स्वस्त नमुन्यांत स्मृति अवघी ८ किलोबाइट, म्हणजे आठ हजारांच्या आसपास अक्षरें. त्यांतहि कांहीं भाग यंत्र स्वतःकरितां ठेवतें. आमचें यंत्र याच नमुन्याचें. परंतु कर्त्यानें आंत तीन जागा मोकळ्या ठेविल्या होत्या. प्रत्येकींत ८ किलोबाइटचा तुकडा बसवून ३२ पर्यंत जातां येतें. पोटाखालीं झांकणाआड जादा आज्ञावलीच्या चिपेची जागा आहे, आणि पाठीमागें आरएस-२३२ नांवाचें द्वार आहे. या द्वाराला जोडावयाची चकती-पेटी १९८४ सालीं निघाली. तिच्या एका चकतींत १०० किलोबाइट मावत.

आमची नात अभियांत्रिकी शिकते. ती प्रथम म्हणाली, "आजोबा, आंतलें सगळें काढून या सांगाड्यांत नवा संगणकच बसवूं. पडदाहि रंगीत होईल." आम्ही म्हणालों, "मग त्यांत तुझ्या थोरल्या आजोबांचें काय उरेल?" ती गप्प बसली, तेव्हां आम्हीं तिला व्याकरणांतील उदाहरण दिलें. पाणिनीच्या सूत्रांत जें उणें वाटलें तें कात्यायनानें वार्त्तिकें रचून पुरविलें. सूत्रें खोडून नवीं लिहिलीं नाहींत. म्हणूनच सूत्र कोणतें व भर कोणती, हें विद्यार्थ्याला आजहि दाखवितां येतें. तेव्हां कर्त्यानें ठेविलेल्या जागींच भर घालावयाची, आणि ती पुन्हा काढतां येईल अशीच घालावयाची, असा नियम आम्हां दोघांत ठरला.

पहिल्यानें आंतील लहान निकेल-कॅडमियम घट बदलला. सेल काढले असतांहि स्मृति राखणें हें त्याचें काम. पण जुना झाला म्हणजे तो पाझरतो आणि तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. मग मोकळ्या जागांत स्मृतीचे तुकडे व पोटाखालीं आज्ञावलीची चिप बसली. शेवटीं पाठच्या द्वाराला तळहातांत मावणारें एक नवें उपकरण जोडलें. तें यंत्राशीं जुन्या चकती-पेटीच्याच भाषेंत बोलतें, मात्र लिहितें नखाएवढ्या एसडी कार्डावर. यंत्राला हा फरक कळतहि नाहीं.

आतां एकेक कॅसेट टेपरेकॉर्डरवरून यंत्रांत उतरते, पडद्यावर वाचली जाते आणि मग कार्डावर जाते. दोन फिती पार बिघडल्या आहेत. त्यांतून नुसती खरखर येते. बाकीच्यांत घरखर्चाचे हिशेब आहेत, पहिल्या हिमवर्षावाचें वर्णन आहे, आणि आईच्या हातच्या पदार्थांची एक लांबलचक यादी आहे. ती वाचतांना आम्हांस दोनदां चष्मा पुसावा लागला. हें सारें नव्या संगणकावरहि झालें असतें, असें कोणी म्हणेल. आणि तें खरें आहे. परंतु बंधूंनीं ज्या आठ ओळींच्या खिडकींतून आपलें लिखाण पाहिलें, त्याच खिडकींतून तें वाचण्याची आमची इच्छा होती.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें एखादें यंत्र पडून असेल, तर त्यांतील जुना घट जाणत्या माणसाकडून आधीं काढवून घ्यावा. भर काय घालावयाची तें सावकाश ठरवितां येईल. खाल्ल्या गेलेल्या रेघा पुन्हा उमटविणें मात्र फार कठीण.