धुराविना रोडगे

रोडगा हा शब्द तुम्ही ऐकला असेल. पण रोडगा खाल्ला आहे का? भंडारा जिल्ह्यात राहणारे तुमच्यापैकी बरेच जण ‘हो’ म्हणतील. ज्यांनी खाल्ला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रोडगा म्हणजे गव्हाच्या जाडसर कणकेचा मुठीएवढा गोळा. तो तव्यावर शेकत नाहीत आणि तेलातही तळत नाहीत. तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात. गोवरी म्हणजे शेण थापून, उन्हात वाळवून केलेले जळण. राजस्थानातली बाटी आणि बिहारमधली लिट्टी ही रोडग्याचीच भावंडे समजा. लिट्टीच्या पोटात सातूचे पीठ भरतात, आपल्या रोडग्याच्या पोटात तुपाचे पदर असतात.

आपला भंडारा हा धानाचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यात, जागोजागच्या तळ्यांच्या पाण्यावर इथे धान पिकते. त्यामुळे रोजच्या ताटात भात असतोच. गव्हाचे रोडगे मात्र रोजचे नव्हेत, ते पंगतीचे. थंडी पडली, धान घरात आले, बाजारात वांगी स्वस्त झाली, की लोक रोडग्यांचा बेत करतात. कधी शेतात, कधी नदीकाठी, तर कधी देवळाच्या आवारात.

आमच्या घरी या बेताची सगळी मुखत्यारी आईकडे असे. गिरणीवाल्याला ती बजावून सांगे, “भाऊ, पोळीच्या कणकेसारखे बारीक नको, रव्यासारखे जाड दळा.” त्या पिठात मीठ, ओवा आणि गरम तेलाचे मोहन घालून ती कणीक घट्ट मळत असे. मग लहान लहान तीन-चार पुऱ्या लाटायच्या, प्रत्येक पुरीला तूप लावून त्या एकीवर एक ठेवायच्या आणि वरून मोठी पारी गुंडाळून गोळा बंद करायचा. हे पदर नीट जमले, तर भाजलेला रोडगा फोडताच आतून पापुद्रे सुटतात.

विस्तवाचे काम पुरुषांकडे. गोवऱ्यांचा ढीग पेटवायचा आणि ज्वाळा बसेपर्यंत थांबायचे. ही थांबण्याची वेळच खरी कसोटीची. पोटात भूक, समोर आग, आणि आई म्हणणार, “अजून नाही!” तिचे बरोबर होते. ज्वाळेत टाकलेला रोडगा वरून काळा होतो आणि आत कच्चा राहतो. निखारे लाल होऊन त्यांवर राखेची पातळ साय धरली, की रोडगे त्यांत ठेवायचे आणि वरून गरम राख ओढायची. भाजून झाले की ते गोणपाटात घालून झटकायचे, म्हणजे राख निघून जाते. मग एकेक रोडगा मुठीने फोडून तुपात बुडवायचा आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर किंवा वरणाबरोबर खायचा. याच कणकेचे पसरट पानगेही करतात. ते पळसाच्या पानांत ठेवून भाजतात. पण पानग्यांविषयी पुन्हा कधीतरी.

या सगळ्यात एक गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे धूर.

आईने चाळीस वर्षे चुलीपुढे स्वयंपाक केला. २०१९ च्या हिवाळ्यात तिला श्वास पुरेनासा झाला. चार पायऱ्या चढली की ती भिंतीला हात टेकून उभी राही. डॉक्टरांनी तपासून सांगितले, “फुप्फुसे थकली आहेत. औषध देतो, पण यापुढे धुराजवळ जायचे नाही. होळी नाही, शेकोटी नाही, चूल नाही.” लाकूड आणि गोवरी जळताना जे अतिशय बारीक कण हवेत मिसळतात, ते श्वासाबरोबर थेट फुप्फुसात जातात. चुलीजवळ जास्त वेळ कोण असते? घरातली बाई आणि तिच्या मांडीवरचे मूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आपल्या देशात २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतल्या बायकांच्या नावाने गॅसची जोडणी मिळू लागली, ती याच कारणासाठी.

आमच्या घरी गॅस होताच. पण रोडगे गॅसवर कोण करतो? आईला घरी ठेवून पंगतीला जावे, असे कोणाला वाटेना. रोडगे बंद झाले. त्याविषयी कोणी काही बोलले नाही. फक्त थंडी आली की आई वांगी निवडताना जरा जास्त वेळ लावी.

आता तुम्हांला थोडे दूर नेतो. २०२३ च्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून आली. येताना तिने एअर फ्रायर नावाचे यंत्र आणले. “मामा, आज तुम्हांला कोलंबियाची रोटी खाऊ घालते,” ती म्हणाली. कोलंबिया हा दक्षिण अमेरिकेतला देश. तिथल्या वाये देल काउका या भागात ‘पांदेबोनो’ नावाचे चीजचे छोटे गोल पाव करतात आणि गरम चॉकलेटबरोबर खातात. त्यांत गव्हाचा कणही नसतो. कसावा नावाच्या कंदाचे सत्त्व, मक्याचे पीठ, खारट ताजे चीज आणि अंडे एवढ्यावर ते होतात. पूर्वी ते मातीच्या भट्टीत भाजत. आता तिकडेही घरोघरी विजेची यंत्रे आली आहेत.

कसावा हे नाव तुम्हांला परके वाटेल, पण त्याच्या सत्त्वाला तुम्ही चांगले ओळखता. आपला साबुदाणा त्याचाच! हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांबरोबर तो भारतात आला. आज तमिळनाडूतल्या सेलम भागात त्याच्यापासून मोठ्या प्रमाणावर साबुदाणा बनतो. भाचीने साबुदाणाच मिक्सरमध्ये दळला आणि चीजमध्ये थोडे पनीर मिसळले. नावाचीही एक गंमत पाहा. पांदेबोनोमधला ‘पान’ म्हणजे स्पॅनिश भाषेत पाव. आणि आपला ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. हे दोन्ही शब्द लॅटिन भाषेतल्या ‘पानिस’ या एकाच शब्दापासून निघाले आहेत. तुमच्या घरी बोलला जाणारा ‘नान’ हा शब्द मात्र फारसीतला. कानाला तो ‘पान’चा भाऊ वाटतो, पण त्याचे घराणे वेगळे.

पंधरा-वीस मिनिटांत पाव फुगून सोनेरी झाले. शेजारच्या खालांनाही बशी दिली. आईने एक पाव फोडला, आतली वाफ पाहिली, तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ त्या यंत्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “यात हे गोळे भाजतात, तर माझे रोडगे का भाजणार नाहीत?”

एअर फ्रायर या नावाने फसू नका. त्यात काहीच तळले जात नाही. आत वरच्या बाजूला विजेने तापणारी तार असते आणि तिच्यावर पंखा. पंखा गरम हवा जाळीच्या टोपलीभोवती वेगाने फिरवतो. म्हणजे ही एक लहानशी भट्टीच, फक्त वाऱ्याची. फिलिप्स कंपनीने असे यंत्र २०१० साली बाजारात आणले. आमचे यंत्र १४०० वॅटचे आहे. ते अर्धा तास सलग चालले तर ०.७ युनिट वीज लागते. हा हिशेब तुम्हीही करून पाहा.

निखारा आणि वारा यांत मोठा फरक आहे. राखेखाली रोडगा झाकलेला असतो, त्याची वाफ त्याच्याजवळच राहते. यंत्रातला वारा मात्र ती वाफ उडवून नेतो. म्हणून सुरुवातीलाच खूप उष्णता दिली, तर वरचे कवच लवकर कडक होते आणि मधला भाग मागे राहतो. आईने हे यंत्राचे पुस्तक न वाचता ओळखले. “आधी ज्वाळा बसू दे,” ती म्हणाली. याचा अर्थ आम्ही असा घेतला, की आधी १६० अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटे ठेवायचे, मग उलटून, तूप लावून १९० अंशांवर दहा मिनिटे. खालांनी आणखी एक सूचना केली. “ताई, तंदूरच्या रोटीला आम्ही पाण्याचा हात लावतो. तुम्हीही वरून लावा, साल लवकर सुकणार नाही.” तो सल्ला फारच कामाचा निघाला. गोळे लिंबाएवढे लहान केले, आणि एका वेळी सहाच ठेवले; एकमेकांना चिकटले तर मध्ये वारा खेळत नाही.

पहिला घाणा निघाला. आईने रोडगा नखाने वाजवून पाहिला. भाजलेल्या रोडग्याचा आवाज पोकळ येतो. तिने तो मुठीने फोडला. पदर सुटले होते.

चव कशी होती, असे तुम्ही विचाराल. खरे सांगायचे तर हा रोडगा बारा आणे. आतून मऊ, वरून खुसखुशीत, तुपात बुडवल्यावर उत्तम. पण त्याला राखेचा आणि धुराचा तो खमंग वास नव्हता. खाला म्हणाल्या, “निखारा तुपात टाकून धुंगार देऊ या, वास येईल.” मी घाईने नको म्हटले. धुंगार म्हणजे पुन्हा धूरच. आई थोडी हिरमुसली. मग दुसरा रोडगा उचलत म्हणाली, “राहू दे. खोकला नाही आला, तेवढी चव कमी तर कमी.”

शिवाय यंत्रावर पंगत होत नाही. हिशेब करा. पन्नास माणसे, प्रत्येकी दोन रोडगे, म्हणजे शंभर. एका वेळी सहा, प्रत्येक घाण्याला पंचवीस मिनिटे. सतरा घाणे होतात आणि सात तास लागतात! पाहुणे भुकेने उठून जातील. आणि मधेच वीज गेली तर? ज्यांच्या घरी हे यंत्र नाही त्यांनी ते मुद्दाम विकत आणावे, असेही मी म्हणणार नाही. जाड बुडाच्या कढईत, झाकण ठेवून, गॅसच्या मंद आचेवर लहान रोडगे भाजता येतात. वेळ जरा जास्त लागतो, वारंवार उलटावे लागतात, इतकेच.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही शेतावर पुन्हा पंगत केली. आई घरीच थांबली, पण या वेळी रिकामी बसली नाही. सकाळीच तिने खालांना बोलावले. दोघींनी मिळून दोन घाणे काढले, आणि बारा रोडग्यांचा डबा माझ्या हाती देऊन ती म्हणाली, “तुमच्या गोवऱ्यांचे आणि माझ्या वाऱ्याचे एका पत्रावळीवर वाढा. कोणते आधी संपतात ते मला येऊन सांग.”

तिचा डबा आधी रिकामा झाला. संध्याकाळी मी ते सांगितले तेव्हा ती खुदकन हसली. खाला मात्र म्हणाल्या, “त्यात काय नवल? ताईंनी तूप दुप्पट घातले होते!”