हिरड्यांतलं रक्त आणि ताईंची बोटं



ब्रश करताना रक्त आलं की आपण काय करतो? चूळ भरतो, ब्रश बदलतो, फार तर हिरडीला मीठ-हळद लावतो. दुखत नाही ना, मग डॉक्टर कशाला? पायरिया असाच फसवतो. वर्षानुवर्षं न दुखता तो दाताखालचं हाड खात राहतो.

हे लिहायचं कारण माझ्या मोठ्या नणंदबाई. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. गेल्या वर्षी सकाळी त्यांची बोटं तास-तासभर आखडलेली असायची. लाटणं धरवेना. नवकारवाळीचा मणी सरकेना, तेव्हा मात्र त्या रडल्या. तपासणीत आमवात निघाला, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची राखण करणारी यंत्रणाच यात आपल्या सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा आपल्या बायकांनाच हा जास्त होतो. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि विचारलं, "ताई, हिरड्यांतून रक्त येतं का?" सांध्यांचा डॉक्टर दातांचं का विचारतोय, आम्हाला कळेना.

मी बी.कॉम., पण समजलं ते सांगते. पायरियात पॉर्फिरोमोनास जिंजिवालिस नावाचा जंतू असतो. तो आपल्या शरीरातल्या प्रथिनांचं रूप थोडं बदलतो. बदललेलं प्रथिन शरीराला परकं वाटतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. अँटी-सीसीपी या तपासणीत तीच मोजतात. सांधा दुखायच्या कितीतरी वर्षं आधीही ती रक्तात सापडतात. प्रत्येक पायरियावाल्याला आमवात होतो असं मुळीच नाही. आनुवंशिकता, तंबाखू अशी इतर कारणंही आहेत. (मिश्री लावणाऱ्या बायका आपल्याकडे अजून आहेत. तीही तंबाखूच!) आणि हिरड्या साफ केल्या म्हणून सांध्यांची औषधं बंद करायची नाहीत. मधुमेहाचं नातं तर दुहेरी आहे: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही.

आता आपल्या घरचा प्रश्न. ताईंचा चौविहार आणि नवकारशी दोन्ही पक्कं. थंडीत नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी सूर्योदयानंतर 48 मिनिटं धरली तर जवळजवळ चौदा तास तोंडात पाणी नाही. संध्याकाळच्या जेवणाचे कण दातांत राहिले, तर जंतूंना रात्रभर मोकळं रान! म्हणून आम्ही जेवण अर्धा तास अलीकडे घेतलं. सूर्यास्ताआधी ब्रश, दातांच्या फटींतून दोरा आणि मग पचक्खाण. नियम तिळभरही मोडला नाही. उपवास-आयंबिलाच्या दिवसांत काय चालतं याची शंका असेल, तर आपापल्या म.सां.ना विचारा.

"सफाई केली की दात हलतात" हे आमच्या सासूबाईंचं ठाम मत होतं. प्रत्यक्षात हिरडी आधीच सुटलेली असते आणि फटीत साचलेलं कीटण दाताला टेकू देत असतं. ते काढलं की खरी स्थिती दिसते. जुन्या वहीतली बुडीत उधारी काढून टाकल्यावर ताळेबंद दिसतो, तसंच. दंत महाविद्यालयात हिरड्यांचा वेगळा विभागच असतो. आपल्या पंचवटीतही असं महाविद्यालय आहे.

ताईंच्या हिरड्यांची खोल सफाई दोन-तीन बैठकांत झाली. रक्त थांबलंय. सांध्यांच्या गोळ्या चालूच आहेत, बोटं सकाळी अजून आखडतात, पण पूर्वीइतकी नाहीत. पोळ्या सून लाटते. माळ मात्र त्या आता स्वतः फिरवतात, जरा सावकाश.