कपाटाची किल्ली

श्रावणात आजी नवनाथ भक्तिसार वाचायची. स्त्रीराज्याचा अध्याय आला की मी पोथीजवळून उठून जायची. मच्छिंद्रनाथ बायकांच्या राज्यात रमतो, योग विसरतो आणि गोरखनाथ येऊन त्याला सोडवून नेतो. म्हणजे बायकांचं राज्य हा निव्वळ चिखल का? तेव्हाचा तो राग मी पुढे जपूनच ठेवला.

शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्यावर दर ८ मार्चला मुलींना बेगम रोकेया यांची १९०५ सालची ‘सुलतानाज ड्रीम’ सांगायची. त्यातल्या देशात पुरुष पडद्याआड राहतात, बायका सूर्याच्या उष्णतेवर चुली चालवतात, राज्य करतात, आणि गुन्हा म्हणून उरत नाही. गोष्ट संपली की मी माझं वाक्य जोडायची: बाईच्या हाती सत्ता आली की जग मायाळू होईल. २०११ मध्ये राज्यात पंचायतींतलं बायकांचं आरक्षण ५० टक्के झालं, तेव्हा मी पेढे वाटले होते.

गेल्या पावसाळ्यात भाचीनं पुण्याहून नेओमी आल्डरमन यांची ‘द पॉवर’ पाठवली. २०१६ ची कादंबरी. मुलींच्या अंगात, गळ्याच्या हाडाजवळ वीज तयार होते. हातानं झटका देता येतो, माणूस मरूही शकतो. छळणारे पुरुष पहिल्यांदा घाबरतात, ती पानं मी दोनदा वाचली. मला आनंद झाला, हे लपवत नाही.

कादंबरीच्या सुरुवातीला काही पत्रं आहेत. हजारो वर्षांनंतरची एक बाई, जिच्या जगात कायम बायकांचीच सत्ता आहे, एका लेखकाला लिहिते की पुरुषांनी चालवलेलं जग किती दयाळू असेल. मला हसू आलं होतं. पुढे कधीतरी लक्षात आलं, हे तर माझंच वाक्य. फक्त तोंड बदललेलं.

मग बेसापारा हा देश येतो. तिथली राज्यकर्ती तात्याना कायदे काढते. प्रत्येक पुरुषाच्या कागदपत्रांवर पालक बाईच्या नावाचा शिक्का हवा. तिच्या लेखी परवानगीशिवाय प्रवास नाही. गाडी चालवायची नाही, मत द्यायचं नाही. मी ओसरीवर बसून हे वाचत होते, संताप येत होता, आणि दारात सून उभी राहिली.

“आत्या, उद्या सोलापूरला जाऊन येऊ का? चारच्या एसटीनं परत येते.”

तोंडातून रोजचं निघालं. “कशाला? कुणाबरोबर?”

ती पदराच्या टोकाशी चाळा करत उत्तर देत राहिली आणि मला काही ऐकू येईना. पान उघडंच होतं. तिचं बँकेचं पासबुक, एटीएम कार्ड, आधार, सगळं माझ्या कपाटात. किल्ली माझ्या कमरेला. अकरा वर्षं. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी, घरात आम्ही दोघीच. घरात पुरुष नव्हता, म्हणून आमच्याकडे जुलूमही नाही असं मी धरून चालले होते. स्त्रीराज्य शोधायला पोथीत कशाला जायचं? ते आमच्या मंद्रूप गावात, माझ्याच घरात होतं, आणि त्याची राणी मी होते. शाळेत मुलींना पंख द्या म्हणणारी बाई घरी एका मुलीला सोलापूरला जायचं कारण विचारत होती. मी तिच्यावर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही, याचाच मला अभिमान होता. तिला ओरडून सांगायची वेळच येऊ नये इतकं मी तिला दबवून ठेवलं होतं.

“जा,” म्हणाले. कपाट उघडून कागद तिच्या हातात दिले. तिनं विचारलं, “काही चुकलं का माझं?”

त्या प्रश्नानं जे झालं ते कादंबरीनं झालं नव्हतं. मी तिला तिच्याच हक्काची वस्तू परत करत होते आणि तिला ती शिक्षा वाटत होती. “चुकलं माझं,” हे शब्द त्या संध्याकाळी निघाले नाहीत. चार दिवस लागले. भाकरी थापताना, तिच्याकडे न बघता म्हणाले. ती काही बोलली नाही. तव्यावरची भाकरी तिनं उलटली.

मागच्या आठवड्यात ती फाटकातूनच सांगून गेली, “सोलापूरला चालले हं.” विचारलं नाही, सांगितलं. चारची एसटी आली का बघायला मी तीनदा ओसरीवर आले. ती सहाला आली. मी चहा टाकला.