देवाची इच्छा आणि हेल्मेट

तरुण मुलाच्या शवपेटीपाशी उभे राहून चार शब्द बोलणे, हे धर्मगुरूच्या वाट्याला येणाऱ्या कामांपैकी सर्वांत अवघड काम. वृद्ध माणसाच्या अंत्यविधीत कृतज्ञतेचे शब्द आपोआप सुचतात. परंतु रात्री मोटारसायकलवरून घरी परतताना रस्त्यावर कोसळलेल्या मुलाच्या आईपुढे ईशज्ञानाच्या अभ्यासाची सारी वर्षे मुकी होतात. अशा वेळी जमलेल्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणते, "देवाची इच्छा, फादर!" हेतू सांत्वनाचाच असतो. तरीही हे वाक्य आम्हांला पटत नाही. जे डोके एका हेल्मेटने वाचले असते, ते फुटावे ही आपल्या स्वर्गीय पित्याची इच्छा होती असे त्याच्या नावावर लिहून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

सेमिनरीत असताना आम्ही 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा १९६२ सालचा चित्रपट पाहिला होता. त्याचा आरंभच मोटारसायकलच्या अपघाताने होतो. ती घटना खरी आहे. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात टी. ई. लॉरेन्स सायकलवरील दोन मुलांना चुकविताना गाडीवरून फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी, वयाच्या ४६व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. चित्रपट तेथून अरबस्तानच्या वाळवंटाकडे वळतो. आम्हांला मात्र त्यांच्या उपचारांसाठी बोलाविलेल्या एका डॉक्टरांची कथा अधिक मोलाची वाटते.

त्यांचे नाव ह्यू केर्न्स. जन्माने ऑस्ट्रेलियन, मेंदूचे निष्णात शल्यविशारद. त्यांनी हळहळून विषय सोडला नाही. ते मोजू लागले. १९४१ साली त्यांनी वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर मोटारसायकलस्वार आणि मागे बसलेले मिळून २,२७९ जण मरण पावले होते आणि मृत्यूचे प्रमुख कारण डोक्याची इजा हे होते. अपघातात सापडलेले हेल्मेटधारी त्यांना अवघे सात आढळले. सातही वाचले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी तसा कायदा ब्रिटनमध्ये व्हायला मात्र १९७३ साल उजाडले. मधली ३२ वर्षे! त्या काळात किती शवपेट्यांपाशी देवाच्या इच्छेचा उच्चार झाला असेल, कोण जाणे.

"डोके आमचे आहे, फादर, आम्ही पाहून घेऊ," असे आमचे युवक हसत म्हणतात. अमेरिकेतही हाच युक्तिवाद झाला. तेथे १९६६च्या कायद्यानंतर बहुतेक राज्यांनी हेल्मेटची सक्ती केली. १९७६ साली केंद्राने आपला दबाव काढून घेताच अनेक राज्यांनी ती मागे घेतली, आणि तेथे मृत्यू वाढले. डोके तुझे, हे मान्य; पण शवपेटीला खांदा देणारा बाप कोणाचा?

तथापि सगळा दोष तरुणांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. अमेरिकेतच हॅरी हर्ट ह्या प्राध्यापकांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ साली त्यांचा अहवाल आला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या धडकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश धडकांत चूक त्या दुसऱ्या चालकाची होती. त्याला मोटारसायकल दिसलीच नव्हती. आपल्या देशात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही पेटता राहतो, तो ह्याच कारणासाठी. आमच्याकडे अजूनही समोरून येणारे भले लोक मूठ उघडमीट करून "दिवा चालू आहे" असे खुणावतात!

आणि रस्त्यांचे काय? रंग न मारलेले गतिरोधक, पाण्याखाली दडलेले खड्डे, वळणावर सांडलेली खडी. हेल्मेटचा आग्रह धरणाऱ्यांनी ह्यांविषयीही ग्रामसभेत आणि पालिकेत तोंड उघडले पाहिजे. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९, आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले. ह्या शेवटच्या आकड्यापाशी आम्ही फार वेळ थांबलो. मागे बसलेल्यांत आपल्या बायका, आया, बहिणीही असतात. गाडी चालविणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, आणि त्याच्या आईच्या डोक्यावर पदर, हे दृश्य आम्ही दर रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या फाटकाशी पाहतो. काहींचे हेल्मेट तर कोपरात अडकविलेले असते. कोपराला मेंदू असतो, असे आमच्या वाचनात नाही.

ख्रिस्तसभा ह्या विषयात मुळीच गप्प नाही. दारूच्या नशेने किंवा वेगाच्या हौसेने स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हे गंभीर पाप होय, असे आपला धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. २००७ साली व्हॅटिकनने रस्त्यावरील वर्तनासाठी दहा आज्ञाच दिल्या. त्यांतली पहिली सिनाय पर्वतावरचीच, हत्या न करण्याची. कन्फेसरमध्ये मात्र हे पाप घेऊन कोणी आल्याचे आम्हांला स्मरत नाही.

जखमीला उचलणाऱ्याचीही भीती आता कायद्याने दूर केली आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतनिसांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक ठरविले. आता "नसती पोलिसांची कटकट" म्हणून वळसा घालून जाणाऱ्याकडे, बोधकथेतील याजक व लेवी यांच्याइतकीही सबब उरलेली नाही.

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या धर्मग्रामात नव्या मोटारसायकलला आशीर्वाद हवा असल्यास सीटवर दोन हेल्मेटे ठेवावी लागतात, आय.एस.आय.ची खूण आणि हनुवटीखालचा पट्टा असलेली. आम्ही पट्टा ओढून पाहतो, मग तीर्थ शिंपडतो. थोडी कुरकुर झाली. परवा एक जोडपे पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आले. २०१९च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट आवश्यक ठरविले आहे, म्हणून आम्ही तिसऱ्याविषयी विचारले. आई म्हणाली, "तीन दुकाने फिरलो, फादर. लहान मापाचे कोणी ठेवीतच नाही." शेवटी आमच्या युवक संघाच्या मुलांनी शहरातून बारा आणविली आहेत. ती सध्या पॅरिश ऑफिसमध्ये आहेत. आई-वडिलांनी मुलांना सोबत आणून माप पाहावे.