केराचा आठवडा

रविवारी सकाळी दार उघडले तो मुठीला एक लाकडी पाटी लटकत होती. अक्षरे जुळवून वाचली: 'केरवोखे'. शब्दाचा आरंभच 'केर' पाहून मी चकित झालो. घरमालकांच्या सात पिढ्यांत कोणी मराठी तर नव्हते ना? चिरंजीव चहाचा पेला घेऊन आले. म्हणाले, "मराठी नाही बाबा, पण अर्थ जवळपास तोच. केर म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. जिना झाडायची पाळी आपली आली."

गाव ट्युबिंगन. दक्षिण जर्मनीत, स्टुटगार्टच्या खाली, नेकार नदीच्या काठी. वस्ती नव्वद हजारांच्या आसपास, आणि त्यात विद्यार्थ्यांचीच गर्दी. कारण इथले विद्यापीठ १४७७ सालचे. आमचे चिरंजीव तिथे संशोधन करतात. सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. हवापालट होईल म्हणून त्यांनी आम्हांला तीन महिने बोलावून घेतले.

वाचकहो, मी तीस वर्षे डोंबिवलीहून व्ही.टी.ला गेलेला माणूस. (स्टेशनाचे नाव दोनदा बदलले, आमची जीभ बदलली नाही.) आठ सतराची फास्ट चुकली तर दिवस नासला, हे माझ्या हाडीमाशी खिळलेले. तेव्हा पाटी पाहताच मी केरसुणीसारखे जे काही हाती लागले ते घेऊन जिन्यावर हजर झालो.

तळमजल्यावरच्या ऐंशीच्या घरातल्या आजीबाई बाहेर आल्या आणि बोट हलवून 'नाइन, नाइन' करू लागल्या. आज रविवार! रविवारी काम नाही. काम शनिवारी करायचे. अजून सहा दिवस आहेत.

या रविवारचे प्रस्थ काय वर्णावे! पहिल्याच रविवारी घरातले दूध संपले आणि मी पिशवी घेऊन गावभर हिंडलो. एकजात दुकाने बंद. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्या कुंडीत टाकून खळखळाट करायचा नाही. आणि हा केवळ रिवाज नव्हे, रविवारची विश्रांती त्यांच्या राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेतले हे कलम १९४९ च्या घटनेने जसेच्या तसे ठेवून घेतले. आम्ही मात्र त्या दिवशी बिनदुधाचा चहा घेतला, आणि मी देशाच्या घटनेवर बरेच काही बोललो.

शनिवारी मी सहा मिनिटांत जिना उरकला. आजीबाईंनी येऊन पाहिले, पायपुसणे उचलून खालची धूळ दाखवली, आणि आपला झाडू आणून वरच्या पायरीपासून पुन्हा आरंभ केला. प्रत्येक कोपरा, कठड्याची प्रत्येक दांडी. पाऊण तास! मी मनातल्या मनात तीन लोकल चुकवल्या. सौ. मधल्या पायरीवर बसली होती. ती मराठीत बोलत होती, आजीबाई जर्मनमध्ये. गुडघ्यावर हात ठेवून दोघींनी एकमेकींची शस्त्रक्रिया समजून घेतली. आजीबाईंनी आपल्या गुडघ्यावरचा व्रणसुद्धा दाखवला. शेवटी त्यांनी पाटी शेजारच्या दाराला अडकवली आणि सौ.ला हात धरून उठवले.

संध्याकाळी आम्ही नदीकाठी गेलो. नदीच्या मधल्या बेटावर जुन्या चिनार वृक्षांची दुतर्फा रांग आहे. खाली लांब सपाट नावा. त्यांना ना वल्हे, ना यंत्र. मागे एकजण उभा राहून लांब बांबूसारख्या काठीने तळ रेटतो. वर्षातून एकदा मात्र यांच्या शर्यती होतात आणि हरणाऱ्यांना कॉड माशाचे तेल प्यावे लागते! समोरच्या काठावर पिवळा बुरूज दिसतो. तिथे हॅल्डर्लिन कवी राहत असे. त्याचे चित्त भ्रमले होते. एका सुताराच्या कुटुंबाने १८०७ साली त्याला घरी आणले आणि १८४३ साली तो वारेपर्यंत सांभाळले. छत्तीस वर्षे. मी बोटांवर हिशेब केला: माझ्या नोकरीहून सहा वर्षे जास्त.

"अहो," सौ. म्हणाली, "एक सांगू? तुमची पाठ मला अगदी पाठ झाली आहे."

"म्हणजे?"

"बाजारात, लग्नाला, दवाखान्यात, सगळीकडे तुम्ही दहा पावलं पुढे. डॉक्टरांनी गुडघ्याचं सांगितलं त्या दिवशीसुद्धा तुम्ही रिक्षा गाठायला पळालात. मी जिन्यातच रडले. तुम्हांला कधी कळलंच नाही."

मला खरोखरच कळले नव्हते. मी काहीतरी उत्तर देऊ लागलो, ते सांधेना. एक नाव पुलाखालून गेली. तिला दिसेनाशी व्हायला बराच वेळ लागला. मग सौ.च म्हणाली, "चला, थंडी पडली." त्या दिवसापासून आम्ही काठाकाठाने रोज एक फेरी घालू लागलो. तिच्या बरोबरीने चालणे पहिल्या आठवड्यात मला फार जड गेले. पोटऱ्या दुखत, हे लिहायलाही लाज वाटते.

परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात डोंबिवली स्टेशनच्या पुलावर, ऐन सहाच्या गर्दीत, माझे पाय पूर्वीच्या वेगाने सुटले. निम्म्या जिन्यावर मी थबकलो. ती दहा पावलांवर होती, एका हाताने कठडा धरून. "ओ काका, चला ना, वाटेत काय उभे राहता!" मागून कोणीतरी ओरडले. मी कठड्याला अंग चिकटवून उभा राहिलो.