नॉमिनीचा रकाना

घरून काम करायचा दिवस आला की बरेच एचआरवाले मीटिंगा लावतात, ऑनलाइन खेळ घेतात. मी तो दिवस कामगारांच्या नोंदी वाचण्यासाठी राखते. चाकणच्या कारखान्यात माझ्या टेबलापाशी सतत कोणीतरी उभं असतं. रजा, पगाराची स्लिप, कँटीन. एकाच माणसाची नोंद सलग वाचणं तिथे जमत नाही.

नॉमिनीचा रकाना बहुतेकांनी रुजू होताना भरलेला असतो. विशीतला ट्रेनी आईचं नाव लिहितो. पुढे लग्न होतं, मुलं होतात, रकाना तसाच राहतो. पीएफच्या नियमाप्रमाणे लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्नानंतर बाद ठरतं. नोंद वाचून झाली की मी त्या कामगाराला फोन करते. हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "मग आईचं नाव काढायचं का, मॅडम?" काढायचं नाही. आई त्याच्यावर अवलंबून असेल तर पत्नीबरोबर तिलाही वाटा देता येतो, कोणाला किती टक्के ते लिहून. सासू-सुनेचा नाजूक विषय असतो, रांगेत उभ्या माणसाशी तो बोलू नये.

खरी मेहनत नावांची. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं. आधारवर नवऱ्याचं नाव, बँकेत अजून वडिलांचं. ते जुळलं नाही की क्लेम अडकतो. माणूस कामावर आहे तोवर हे निस्तरायला सोपं असतं.

2021 च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या लाटेत कामगार दगावले तेव्हा, मी हे जवळून पाहिलं. ई-नॉमिनेशन झालेल्या घरातली बाई ऑनलाइन क्लेम करू शकत होती. बाकीच्या, दुःखाच्या दिवसांत, कागद जमवत फिरत होत्या. पीएफ, 1995 च्या योजनेतली पेन्शन, शिवाय ईडीएलआयचा विमा, ज्याची कमाल रक्कम त्याच वर्षी 7 लाख झाली. कित्येकींना या विम्याचं नावही ठाऊक नव्हतं. म्हणून आता फोनवर तोही समजावून सांगते.

घरी एक पथ्य मात्र कडक पाळते. दार लावूनच बोलायचं, आणि उठताना स्क्रीन लॉक. कोणाचा पगार, कोणाचा घटस्फोट माझ्या घरच्यांच्याही कानावर जाता कामा नये.

नोंदी वाचायला सुरुवात रात्रपाळीवाल्यांपासून करते. सकाळी ते झोपलेले असतात, म्हणून फोन दुपारी चारनंतर. तेव्हा बायकोही बहुधा घरात असते, आणि तिचं आधारवरचं नाव तिच्याकडूनच अक्षर न् अक्षर विचारून घेता येतं.