दोन डिक्क्यांची मोटार

लग्न जमवणे आणि जुनी साधी मोटार घेणे यांत फारसा फरक नाही. दोन्हीकडे जाहिरात असते, मध्यस्थ असतो, बघण्याचा कार्यक्रम असतो, आणि दोन्हीकडे जे विचारायला हवे ते सोडून बाकी सगळे विचारले जाते. जुनी स्पोर्ट्स कार घेणे मात्र लग्न नव्हे. ते दत्तकविधान आहे, आणि तेही संस्थानिकाचा मुलगा दत्तक घेण्यासारखे. 1971 साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, म्हणून राजपुत्र काही दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरीवर आले नाहीत. मोटारीचेही तसेच. नवेपणी मुंबईतल्या फ्लॅटच्या किमतीची असलेली गाडी पंधरा वर्षांनी त्याच फ्लॅटच्या पार्किंगच्या किमतीत मिळते. पण आपली किंमत उतरल्याची बातमी तिच्या ब्रेकना, टायरना आणि तेलाला कोणी दिलेली नसते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने रचली त्याने अशी गाडी पाहिली नसावी. इथे कोंबडी स्वस्त होत जाते आणि मसाला वर्षागणिक महाग होतो.

हे सगळे ज्ञान मला आमच्या साडूंमुळे झाले. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघणाऱ्या पिढीतला हा माणूस. बँकेत छत्तीस वर्षे इतरांच्या मोटारींच्या कर्जांवर सह्या केल्या आणि स्वतः स्टाफ बसने गेले. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी एका संध्याकाळी ते शांतपणे म्हणाले, "मला एक दोन सीटची, टप उघडणारी गाडी घ्यायची आहे. जुनी चालेल." ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, गवार मोडत होत्या. त्यांनी गवार मोडणे थांबवले नाही. फक्त विचारले, "दोन सीट? मग नातवंडं कुठं बसायची?" अण्णा म्हणाले, "घरी."

जाणकार म्हणून त्यांनी मला बरोबर घेतले, कारण एकदा आमच्या फियाटचा फॅनबेल्ट बदलला जात असताना मी जवळ उभा होतो.

जाहिराती वाचण्यात पहिला महिना गेला. त्यांची एक वेगळीच भाषा आहे. 'डॉक्टरांची गाडी' हा त्यातला सर्वोच्च किताब. डॉक्टर मोटारीलाही रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या देतात अशी समजूत असावी. 'शोरूम कंडिशन' म्हणजे कालच पॉलिश मारले आहे. 'किरकोळ टचअप' म्हणजे अर्धी गाडी पुन्हा रंगवली आहे. 'कमी चाललेली' याला अण्णा फार भुलले होते. पण स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही शिफारस नसून तक्रार आहे. उभ्या गाडीची बॅटरी मरते, रबराची सीलं सुकून तडकतात, टाकीतले पेट्रोल शिळे होते. टायर तर मोठे फसवे. नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र वाळून लाकूड झालेले असते. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 3514 म्हणजे 2014 सालचा पस्तिसावा आठवडा. हे कळल्यापासून अण्णा रस्त्यात उभ्या असलेल्या कोणाच्याही गाडीपाशी वाकून टायरची जन्मतारीख वाचू लागले. दोन वेळा वॉचमनने हटकले.

पहिली गाडी पुण्यातच पाहिली. पिवळी धमक. मीटरवर 11,000 किलोमीटर. दलाल म्हणाला, "साहेब, मालक फक्त रविवारी काढायचे." पण अण्णांनी एक मेकॅनिक बरोबर आणला होता, आणि त्याच्याजवळ गाडीच्या संगणकाला जोडायचे यंत्र होते. अशा काही गाड्यांचा संगणक इंजिन एकूण किती तास चालले त्याचीही नोंद ठेवतो. दलाल लोक किलोमीटरचा आकडा मागे नेतात, पण तासांचा हिशेब बहुधा विसरतात. यंत्राने दाखवले 2,100 तास. बँकेतल्या माणसासमोर असे दोन आकडे ठेवू नयेत. अण्णांनी तोंडीच भागाकार केला. "ताशी सव्वापाच किलोमीटर," ते म्हणाले. "मी पर्वतीला चालत याच वेगाने जातो." दलाल क्षणभरही गोंधळला नाही. "पुण्याचं ट्रॅफिक हो, साहेब!" या उत्तरात इतके तथ्य होते की आम्ही दोघेही जरा विचारात पडलो.

दुसरी ठाण्याला. तमिळनाडूचा नंबर. आत शिरताच लव्हेंडरचा असा भपकारा आला की काहीतरी लपवलेले आहे हे नाकालाच कळले. मेकॅनिकने काही न बोलता सीटबेल्ट धरला आणि विहिरीतून दोर काढावा तसा शेवटपर्यंत ओढून काढला. रोज दिसणारा भाग स्वच्छ. जो भाग एरवी गुंडाळलेला असतो त्यावर मातकट रेघ, नदीच्या घाटावर पुराची खूण असते तशी. मग त्याने सीटखालचे बोल्ट दाखवले; गंजलेले. चेन्नईत डिसेंबर 2015 मध्ये पूर आला, तेव्हा अनेक भारी गाड्या पाण्यात गेल्या. मुंबईला 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही असेच झाले. अशी गाडी बुडालेल्या गावात विकत नाहीत. दूरच्या गावी पाठवतात, जिथे पाऊस वेगळा झालेला असतो. त्याच दलालाने जाताजाता सांगितले, "याला सिरॅमिकचे ब्रेक आहेत." ताईंनी विचारले, "म्हणजे बरणीसारखे?" बरणीसारखे नसतात, पण त्या चकत्या बदलायची वेळ आली तर चारी चाकांच्या पैशांत एक नवी छोटी मोटार दारात येऊ शकते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, कारण त्या विषयावर अण्णा बोलू लागले की दोन तास जातात. गाडीचे आरसी बुक हा तिचा सातबारा. त्यावर बँकेचा बोजा आहे का ते आधी बघायचे. असला तर फॉर्म 35 ने तो उतरवून घ्यायचा. परराज्यातली असेल तर फॉर्म 28 चे ना-हरकत, आणि नाव बदलायला 29 आणि 30. पुदुच्चेरीच्या नंबराच्या भारी गाड्या मुंबईत दिसतात तेव्हा त्यांच्या मालकांना समुद्रकिनाऱ्याची ओढ आहे असे समजू नये. तिथे कर कमी पडायचा, एवढेच. पण गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली की तिथे पुन्हा नोंदवावी लागते, आणि मग तो वाचवलेला कर नव्या मालकाच्या मानगुटीवर बसतो. दिल्लीच्या गाड्यांची कथा आणखी वेगळी. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली आणि म्हाताऱ्या गाड्या काशीला जाण्याऐवजी आपल्याकडे येऊ लागल्या.

चार महिन्यांत सात गाड्या झाल्या. अण्णांचा उत्साह तसाच होता, पण त्यांचे गुडघे मला दिसू लागले. या गाड्या जमिनीला इतक्या चिकटून असतात की आत बसणे म्हणजे पाटावर बसणे. बसायला काही नाही. उठताना अण्णा आधी डावा पाय बाहेर काढत, मग दार धरत, मग माझ्याकडे बघत. सातव्या गाडीपाशी ते उठल्यावर काही वेळ काहीच बोलले नाहीत. परतताना म्हणाले, "माझं लायसन्स सत्तरीपर्यंत आहे. पंचावन्नानंतर पाच-पाच वर्षांचंच देतात." मी म्हणालो, "पुढे पुन्हा मिळतं की." ते म्हणाले, "लायसन्स मिळतं हो."

मग कोल्हापूरची गाडी निघाली. मालक फाउंड्रीवाले, वय अण्णांच्याच आसपास. गाडी 2007 ची पोर्शे बॉक्सस्टर, चंदेरी. "बघा की पाव्हणं, सगळं उघडून बघा," म्हणून त्यांनी पुढचे झाकण उघडले. डिक्की. मागचे उघडले. तीही डिक्की. ताई दोन्हीकडे वाकून आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, इंजिन काढून विकलंय वाटतं." इंजिन होते, सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे, झाकणाखाली. या गाडीत ते असे बसवलेले असते की मालकालाही त्याचे दर्शन दुर्मिळ. सोवळ्यातल्या देवासारखे.

आणि याच इंजिनात ती कुप्रसिद्ध बारीक वस्तू असते. 1997 ते 2008 या मॉडेलांच्या बॉक्सस्टरमध्ये एक मधला दांडा असतो, आणि त्याच्या टोकाला एक बेअरिंग. ते गेले की झडपांचा आणि पिस्टनचा मेळ तुटतो आणि सबंध इंजिनाची राखरांगोळी होते. सगळ्यांचे जाते असे नाही, पण अमेरिकेत मालकांनी कंपनीवर दावा लावण्याइतक्यांचे गेले आणि पुढे तडजोड झाली. 2009 च्या मॉडेलपासून कंपनीने तो दांडाच काढून टाकला. हे आम्ही पाठ करून गेलो होतो आणि आता फाउंड्रीवाल्यांना खिंडीत गाठायचे ठरवले होते. अण्णांनी घसा साफ केला, "त्या बेअरिंगचं काय?"

"आमचा धंदाच तो, साहेब," मालक म्हणाले. "2007 ला मोठं बेअरिंग हाय. जुन्यापेक्षा बरं. पण बदलायचं तर सगळं इंजिन उघडाय लागतंय. म्हणून मी काय करतो, दर वेळी तेल बदललं की गाळणी कापून बघतो. चुरा दिसला तर धोका." आणि त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशव्या काढल्या. प्रत्येक पिशवीत तेलाच्या गाळणीचा उघडून सुकवलेला कागद, वर तारीख. सोनार दुकानातली धूळ झाडून ठेवतो तशी चौदा वर्षांची धूळ, आणि तीत धातूचा एक कण नाही. मी पुराचे विचारले. "2019 ला? पाणी चढायच्या आधीच पन्हाळ्यावर नेली. बायको म्हणाली, मला कधी नेणार? म्हटलं, दुसरी फेरी." आतून वहिनींचा आवाज आला, "तीन दिवसांनी आली ती फेरी!"

मग फाइल आली. जाड, दोरीने बांधलेली. प्रत्येक पावती. छताच्या पन्हळीत पानं अडकून पावसाचं पाणी सीटखालच्या यंत्रात गेलं, त्याची. 2022 साली पंधरा वर्षं भरली तेव्हा नोंदणी वाढवून घेतली, त्याची. आयात गाडीला ते शुल्क त्याच एप्रिलपासून 40 हजार झालं होतं आणि मुदत मिळाली पाच वर्षांची. अण्णांनी ती पावती जरा जास्त वेळ हातात धरली. शेवटच्या पानावर बेरीज होती. आम्ही जेवढ्याला गाडी मागणार होतो त्याहून ती बेरीज मोठी होती.

आजवर भेटलेल्या सात दलालांनी मिळून अण्णांना घाबरवले नव्हते तेवढे या एका प्रामाणिक माणसाने घाबरवले. गंमत अशी की घ्यायची तर अशीच गाडी घ्यावी. जिची फाइल पातळ तिचे खर्च झालेले नसतात असे नाही; ते पुढच्या माणसासाठी राखून ठेवलेले असतात.

"विकता का?" अण्णांनी विचारले. "कमरेचं ऑपरेशन," मालक म्हणाले. "डॉक्टर म्हणतोय, उंच गाडीत बसा. तुमचे गुडघे कसे हायत?" गाडी विकणाऱ्याने घेणाऱ्याची तपासणी केलेली मी प्रथमच पाहिली. मग त्यांनी किल्ली अण्णांच्या हातात दिली. दोघे छप्पर उघडून पन्हाळ्याच्या रस्त्याला गेले आणि आम्ही तांबडा-पांढरा रस्सा निवत बसलेला बघत राहिलो. पाऊण तासाने आले. अण्णांचे केस, जे काही आहेत ते, उभे होते. उतरताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, स्वतःच उतरले. मालक सांगत होते, "आणि स्पीडब्रेकरवर सरळ जायचं न्हाई. पोट घासतंय. तिरकी घालायची, एकेक चाक."

अण्णांनी होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. फाइलची झेरॉक्स मागून आणली. आता रोज रात्री जेवणानंतर ते ती वाचतात, मधेच पेन्सिलीने काही बेरजा करतात आणि खोडतात. फाउंड्रीवाल्यांचे दोन फोन येऊन गेले. गाडीबद्दल एक अक्षर नाही, गुडघ्याला कोणते तेल लावावे एवढेच.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तर सोसायटीच्या फाटकात ताई नातवाची फूटपट्टी घेऊन वाकलेल्या दिसल्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि चांगला 3.7 मीटर रुंद, म्हणजे ऐसपैस असावा. त्यांच्या सोसायटीचा उरलेल्या सिमेंटात केलेला आहे आणि लांबून समाधीसारखा दिसतो. मी काही विचारायच्या आत ताई कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या.

"मधे साडेतेरा आहे," त्या म्हणाल्या. "पण कडेला नऊच भरतंय. तिरकी घातली तर जाईल."